गाडी घेण्याचा विचार आहे

खंडेनवमीला हालकुड्यांच्या घरी पूजेला मांडायच्या वस्तू ठरलेल्या. महांतेशच्या डाळमिलचा मोठा पाना, जुना तराजू, स्वयंपाकघरातली विळी, लेक स्वप्नालीचा लॅपटॉप, दारातली स्कूटर. यंदा महांतेशच्या बायकोनं, शिवकांतानं, त्यात गुपचूप एक भर घातली. माडीवरच्या खोलीची किल्ली. विळीशेजारी ठेवली, विभूतीची तीन बोटं ओढली आणि मनात म्हणाली, देवा, आज ती खोली रिकामी होऊ दे.

सव्वीस वर्षं ती या घरात सून होती, आणि सव्वीस वर्षं त्या खोलीत माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. तिला खोली कशाला हवी होती म्हणाल तर कशालाच नाही. नुसतं बसायला. दार लावून, खिडकीतून धान्याच्या मोंढ्याकडं जाणारे सोयाबीनचे टेम्पो बघत, कुणी ‘अगं’ म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत. पण ती जागा ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, व्हॉक्सहॉल आणि स्टुडबेकरनं अडवली होती.

गाड्यांनी नव्हे. गाडी या घरात कधी आलीच नाही. सासरे चन्नबसप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, एक्याऐंशी वर्षांत एका सायकलीपलीकडं गेले नाहीत. खोलीत होतं ते मोटार कंपन्यांनी गिऱ्हाईक भुलवायला फुकट वाटलेलं सामान. गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग, रंगांचे चौकोन डकवलेली कार्डं, किल्लीच्या साखळ्या, अ‍ॅशट्रे, टीपकागद, कॅलेंडरं, शोरूमच्या दारावर ठोकायच्या इनॅमलच्या पाट्या. त्यातल्या बऱ्याच कंपन्या आता जगात नाहीत. त्यांचं सामान मात्र लातुरात, डांबरगोळ्यांच्या वासात, सुखानं नांदत होतं.

तरुणपणी आप्पा नांदेडला वजिराबादेत एका मोटार एजन्सीत कारकून होते. साहेबलोकांच्या कंपन्यांचे पत्ते त्यांनी तिथल्या जुन्या फायलींतून उतरवून घेतले. इंग्रजी शब्दकोशातून शिकले. मग आयुष्यभर एकच पत्र शेकडो वेळा लिहिलं : महोदय, माझा गाडी घेण्याचा विचार आहे, कृपया माहितीपत्रक पाठवावे. आणि साहेबलोक पाठवायचे! वर सात समुद्रापलीकडची तिकिटं, आत निळ्या तळ्याकाठी उभी असलेली गाडी. जुन्या, बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान त्यांनी पुढं हैदराबादच्या आठवडी बाजारातून, भंगारवाल्यांकडून, कुणाकुणाच्या अडगळीतून गोळा केलं.

“म्हणजे खोटंच लिहीत होताव की मामा,” शिवकांता एकदा म्हणाली होती.

“खोटं कसं? विचार तर होताच की,” आप्पा म्हणाले होते.

आज ते सहापासूनच आंघोळ करून, कडक इस्त्रीचं धोतर नेसून माडीवर बसले होते. दर दहा मिनिटांनी वरून हाक यायची.

“आली का गं ती?”

“न्हाई मामा. कंधारहून निघालीय. येईल की.”

“वर ये जरा. नाव बरोबर लिव्हलंय का बघ.”

शिवकांता चौथ्यांदा वर गेली. आप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पुण्याजवळच्या एका मोटार-संग्रहालयानं पाठवलेला. आप्पांच्या संग्रहाला तिथं एक अख्खं दालन, काचेची कपाटं मिळणार होती, आणि दारावर पितळी पाटी लागणार होती. पाटीवरचा मजकूर संग्रहालयवाल्यांनी आधी पसंतीला पाठवला होता. *चन्नबसप्पा रेवणप्पा हालकुडे यांचा संग्रह, लातूर.*

“बरोबर हाय मामा. रेवणप्पातला ण पण बरोबर हाय.”

“एजन्सीच्या पाटीवर मालकाचं नाव. मिलच्या पाटीवर महांतेशचं. घरावर तुझ्या सासूचं, ‘गुरुकृपा’ म्हणून.” आप्पा हसले. मग कागदावरून बोट फिरवत एकदम विचारलं, “हे कुठं लागणारंय म्हणालीस?”

आताशा असं व्हायचं. शिवकांतानं पुन्हा सगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात खोलीच्या आशेपेक्षा माया थोडी जास्त होती, पण दोन्ही होतं, हे तिचं तिला ठाऊक.

*

पुनम केंद्रे मूळची कंधारची. संग्रहालयात जुन्या कागदपत्रांचं काम बघायची. दसऱ्याला माहेरी आली होती, तिथूनच भाड्याची गाडी करून आली. स्वप्नालीनं महिनाभर तिला मोबाइलवर कॅटलॉगांचे फोटो पाठवले होते, त्यामुळं दोघी मैत्रिणींसारख्या गळ्यात पडल्या. शिवकांतानं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला वाढली.

“पुण्यात मिळती का गं सुशीला?”

“नाही काकू. मागितली तर विचारतात, कोण ही बाई?”

शिवकांताला पोरगी आवडली. वर गेल्यावर पुनमनं पांढरे हातमोजे घातले, तेव्हा आप्पांनाही आवडली.

“बघ!” ते दारात उभ्या महांतेशला म्हणाले. “हिला कळतं.”

सातव्या वर्षी त्यानं याच खोलीत एका कॅटलॉगला बोट लावलं होतं आणि थोबाडीत खाल्ली होती. पन्नाशी उलटली तरी तो हात मागं बांधूनच इथं उभा राहायचा.

आप्पांची शिवपूजेची वेळ झाली. इष्टलिंग तळहातावर घेऊन ते बसले की तासभर कुणी हाक मारायची नाही, ही घराची रीत. ते खाली गेले आणि पुनमनं पहिली ट्रंक उघडली. संग्रहालय सगळाच संग्रह नेणार होतं, पण त्यातल्या ज्या चाळीस वस्तूंसाठी दालन होतं त्यांची यादी तिच्याजवळ होती. पहिला कॅटलॉग तिनं दोन्ही हातांवर, तान्हं पोर घ्यावं तसा घेतला. उघडला, मिटला, उलटा केला.

आणि थांबली.

मागच्या पानावर, खाली, तीन बोटांचे आडवे पट्टे होते. मधे कुंकवाचा टिपका. विभूतीची पांढराई केव्हाच उडून गेली होती, ओलाव्याच्या कडा तेवढ्या तपकिरी होऊन कागदात मुरल्या होत्या.

“स्वप्नाली, मागच्या बाजूंचे फोटो काढले होतेस?”

“मागं काय असतंय? कंपनीचा पत्ता.”

दुसरा उलटा केला. पट्टे. तिसरा, पट्टे. रंगांच्या कार्डाच्या मागं पट्टे. इनॅमलच्या पाटीच्या मागं, चक्क गंजात, पट्टे. चाळीसांपैकी अडतीस वस्तूंवर. बाकीच्या शेकडो वस्तू स्वच्छ होत्या. पण त्या कुणालाही मिळतील अशा.

“ज्यानं हे केलंय,” पुनम हळूच म्हणाली, “त्याची नजर मात्र जबरदस्त आहे. नेमक्या सगळ्यात दुर्मीळ वस्तू निवडल्यात.”

महांतेश उंबऱ्यातून एक पाऊल आत आला. उद्या दसऱ्याला समाजाची चार मोठी माणसं आप्पांचा सत्कार करायला येणार होती. शाल आणून कपाटात ठेवलेली.

“म्हणजे आता?”

“अशा डागांचं आमच्याकडं घेत नाहीत काका. नियम आहे.” पुनमनं हातमोजे काढले. “पण पुण्यात कागद धुणारे जाणकार आहेत. औषधाच्या पाण्यातून काढतात, वर्षभर लागेल. बरेच डाग जातील. त्याला फक्त आजोबांची लेखी संमती लागते.”

महांतेशनं खाली येऊन बहिणीला हाक मारली. अंजू सणाला नांदेडहून आली होती, परातीत पोळ्या मोजत होती. त्यानं सगळं सांगितलं. अंजूनं पोळ्या मोजायच्या थांबवल्या आणि चुलीपाशी बसलेल्या आईकडं बघितलं. गुरम्मा हुग्गी ढवळत होती. गव्हाची खीर रटरट शिजत होती, आणि तिचा हात मात्र थांबलेला.

“अव्वा,” अंजू म्हणाली, “तू?”

गुरम्मानं डाव ताटात ठेवला.

“तरी मला वाटलंच,” महांतेश म्हणाला. “मला बोट लावलं म्हणून मारलं, अन् हिनं तीन-तीन बोटं!”

“हळू बोल दादा. आप्पा पूजेला बसलेत.”

“सांगावं तर लागंलच त्यांना.”

“कशाला सांगायचं? सही घ्यायची, कागद कशाचा म्हणून सांगायचं न्हाई. धुऊन आलं की झालं. त्यांना उगं उतारवयात कशाला कळू द्यायचं, की अव्वानं...”

“अंजूचं बरोबर हाय,” शिवकांता म्हणाली.

महांतेशनं चमकून बायकोकडं पाहिलं. मोंढ्यातल्या जागेच्या वाटणीपासून या नणंद-भावजयीचं मिठाच्या चिमटीवरसुद्धा एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“आप्पाला फसवून सही घ्यायची?” तो म्हणाला. “मला न्हाई जमायचं.”

“मग मला जमंल,” अंजू म्हणाली. “तू फक्त गप उभा राहा. ते तुला जमतंय.”

“भांडू नका रे,” गुरम्मा म्हणाली. तिचा आवाज हुग्गीच्या वाफेतून आल्यासारखा येत होता. “त्यांचं नाव लागायचं होतं. पहिल्यांदा कुठंतरी लागायचं होतं. अन् मी...”

*

एकाहत्तर साल. लग्नाला पाच महिने झालेले, नांदेडात एका खोलीचं बिऱ्हाड. नवमीला नवरा एजन्सीच्या कामाला हदगावला गेला होता. माहेरी, उदगीरला, नवमीला पडवी भरून वस्तू मांडायचे. नांगर, तिफण, तराजू, मापं, आजोबांची तलवार. इथं मांडायला होता एक चाकू, तोही बोथट. गुरम्मा बराच वेळ खोलीकडं बघत बसली. मग तिनं पलंगाखालची पेटी ओढली. नवऱ्याचं हत्यार म्हणाल तर हेच होतं.

वरच्याच कॅटलॉगवर फिकट निळी गाडी होती. मागं तळं, तळ्यापलीकडं धुकं. गाडीचं दार उघडं आणि आत कुणी नाही. तिनं ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. बोटं ओली म्हणून असेल, पण गार वाटलं, तळ्यावरून वारा यावा तसं. दार उघडंच होतं. ती बसली.

संध्याकाळी नवऱ्यानं तो डाग पाहिला आणि चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला ते जेवणाबद्दल. गुरम्मा समजायचं ते समजली. पुढच्या नवमीपासून तिनं विभूती मागच्या पानावर लावली, खाली, तो शिवपूजेला बसलेला असताना. एका वर्षाला एकच वस्तू, कधी पुन्हा गेल्या सालचीच; आधी नांदेडात, मग लातूरच्या या माडीवर. निवडायला तिला आठ-आठ दिवस लागायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ती रंग बघायची, आणि मागचा रस्ता कुठं जातो ते.

मग वर्षभर ती त्या गाडीत असायची. डाळ निवडताना, दळण आणताना, नळाच्या रांगेत. अंजू पोटात होती त्या साली मलईच्या रंगाची हिलमन होती, आणि ती समुद्राला गेली. समुद्र तिनं कधी बघितला नव्हता, म्हणून तो उजनीच्या धरणासारखाच होता, फक्त पलीकडचा काठ काढून टाकलेला. सासू वारली त्या साली एक करडी गाडी घेतली, तिच्या काचा वर करून रडता यायचं. आणि भूकंपाच्या साली, सगळं लातूर उघड्यावर निजत होतं तेव्हा, ती कुठंच गेली नाही. गाडी नुसती अंगणात उभी केली, मोठी पांढरी, दारं उघडी टाकून, आणि तेवढ्या वाढलेल्या दोन्ही लेकरांना मागच्या सीटवर निजवलं. त्या गाडीचं छत काही पडणार नव्हतं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आजही नाही सांगितलं. लेकरांना एवढंच म्हणाली, “नवमी होती म्हणून लावत होते. दुसरं काय?”

*

अंजूचा बेत चांगलाच होता, पण पुनमला तो कुणी सांगितलाच नाही.

आप्पा पूजा आटोपून कपाळावर ताजी विभूती घेऊन वर आले, तेव्हा ती फॉर्म काढून बसली होती. सगळे धावत माडीवर पोचेपर्यंत पोरीनं सरळ मनानं सगळं सांगूनही टाकलं होतं. अडतीस वस्तू, मागचे पट्टे, औषधाचं पाणी, वर्षभर, इथं सही.

गुरम्मा सगळ्यांत शेवटी, जिन्याच्या कठड्याला धरून आली. आप्पांनी मांडीवरचा हिलमनचा कॅटलॉग उलटा केला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. जसं सकाळी आपल्या नावावरून फिरवलं होतं, अगदी तसंच.

“हे व्हय,” ते म्हणाले. “हे मला म्हाईत हाय.”

“काय म्हाईत हाय?” गुरम्मा म्हणाली.

“हिची बोटं हायत.”

“कधीपासून?”

“बहात्तरपासून. एकाहत्तरचं तर समोरच होतं.”

गुरम्मा दारातच खाली बसली. वाटलं, आता रडेल. अंजू पुढं झाली. पण गुरम्माच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“अन् बोलला न्हाईत? त्रेपन्न वर्सं! मी चोरावानी जिना चढायचे. तुमची पूजा व्हायच्या आत ट्रंक उघडायची, वाजू द्यायची न्हाई, पदरानं कडी धरायची. गुडघे गेले तरी चढायले!”

“वाजायची ना ट्रंक.”

“वाजायची?”

“दरसाली. म्हणून तर नवमीला मी पूजा लांबवायचो. तुझं उरकावं म्हणून.”

स्वप्नालीला हसू फुटलं. आजीनं तिच्याकडं असं बघितलं की ते तिथंच विझलं.

“मला थोबाडीत मारली होती तुम्ही,” महांतेश एकदम म्हणाला. “एक बोट लावलं म्हणून.”

“तू जांभळं खाऊन आला होतास रे.”

“मग सांगायचं तरी हिला,” अंजू म्हणाली. “म्हाईत हाय म्हणून. अव्वाचा जीव किती...”

आप्पा खिडकीकडं बघू लागले. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. त्यात सोयाबीनच्या फोलकटाची धूळ तरंगत होती आणि इनॅमलच्या पाट्यांवरची लाल-निळी अक्षरं त्या धुळीतून, पाण्याखालून दिसावीत तशी दिसत होती.

“सांगितलं असतं तर हिनं बंद केलं असतं,” ते म्हणाले. “पहिल्या साली राग आला. खोटं कशाला बोलू? चार दिवस आला. मग वाटलं सांगावं, राहू दे म्हणून. कसं सांगायचं सुधरंना. दुसऱ्या साली बघितलं तर मागच्या पानावर. मग मला नादच लागला. दसऱ्याच्या दिवशी सगळे आपट्याची पानं वाटायला गेले की मी वर यायचो. यंदा हिनं कुठली घेतली ते हुडकायचो. घावली की वरसभर मी पण तीच.”

“तीच म्हणजे?” पुनमनं विचारलं.

“त्याच गाडीत की.” आप्पांना वाटलं यात न कळण्यासारखं काय आहे. “दुसरीकडं कुठं बसणार? घरची बाई एका गाडीत अन् मी दुसऱ्या, असं असतंय का?”

गुरम्मानं मान खाली घातली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शिवकांतानं सव्वीस वर्षांत सासूच्या कानांकडं कधी बघितलं नव्हतं. त्या क्षणी तिला कळलं, की आपल्याला खोली मिळत नाही.

“सही करा मामा,” ती तरीही म्हणाली. प्रयत्न करायला काय जातंय. “पाटी लागंल. नाव लागंल.”

“करा की,” गुरम्मा म्हणाली. राग अजून होता, पण तो आता वेगळ्याच बाजूला लागला होता. “धुऊ द्या. माझ्यापायी नका सोडू. मी काय मेलेय? लावायची असंल तर आणिक लावीन. तुमचं नाव लागू द्या एकदा.”

आप्पांनी खिशातला कागद काढला. चष्मा सारखा करून पाटीचा मजकूर वाचला, ओठ हलवत, पुन्हा पहिल्यापासून. पुनमनं पेन पुढं केलं. आप्पांनी ते घेतलं. टोपण काढलं. महांतेशला वाटलं, झालं. त्यानं मागं बांधलेले हात सोडलेसुद्धा.

“बाळा,” आप्पा पुनमला म्हणाले, “धुतल्यावर कुठलं कधीचं ते कळंल का?”

“कॅटलॉग कधीचा ते कळेल ना आजोबा. छापलेलं असतं.”

“ते न्हाई. आमचं.” त्यांनी टोपण परत लावलं. “आताशा मला सालं घावनात. सकाळी शिवकांताला चारदा विचारलं, कागद कुठला म्हणून. मला वाटतं चारदाच. जास्त असंल. पण ही हिलमन हातात घेतली की अंजू होती तेव्हा हे कळतंय. ती पांढरी घेतली की भूकंप. कागदावरचं नाव,” ते म्हणाले, “मला पाठ हाय. सालं पाठ न्हाईत.”

पुनम गच्चीवर जाऊन बराच वेळ फोनवर बोलली. विनवण्या करत होती असं तिच्या पाठीवरून दिसत होतं. परत आली तेव्हा तिनं मान हलवली. डागांसकट नाही. अडतीस नसतील तर दालन नाही.

“बरं,” आप्पा म्हणाले. मग पाटीच्या मजकुराच्या कागदाकडं बघून, जरा भीत भीत, “हे मी ठेवलं तर चालतंय का?”

“ठेवा ना आजोबा.” पोरीचे डोळे भरले होते. तिनं घाईघाईनं पिशवी आवरली.

महांतेश खाली गेला. उद्याच्या माणसांना फोन करायचे होते. पहिला फोन लावून तो म्हणाला, “न्हाई, रद्द केलं. कारण? कारण आता काय सांगू, घरगुती हाय.” अंजूनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि पलीकडच्या माणसाला खणखणीत आवाजात म्हणाली, “सत्कार न्हाई, पण हुग्गीला या. जास्त केलीय.”

*

पुनमची गाडी नांदेड रस्त्याला लागली, घरातली जेवणं झाली, तरी वरचे दोघं खाली येईनात. शिवकांता हुग्गीच्या दोन वाट्या घेऊन जिना चढली आणि दाराशी थबकली.

आप्पा पलंगाच्या मधोमध बसले होते. गुरम्मा खाली ट्रंकेपाशी. पूजेचं ताट शेजारी, ट्रंक सताड उघडी, आणि कडी वाजली तर वाजू दे म्हणून खाली लोंबत सोडलेली. यंदाची नवमी अजून व्हायची होती.

“ह्यात कुठं गेलो होतो?” आप्पा एक हिरवा कॅटलॉग पुढं धरून विचारत होते. “मी तर श्रीशैलला नेली होती. घाटात लई धुकं होतं.”

“श्रीशैल? अवं, कुडलसंगमला गेलो होतो. दोन नद्या दिसत होत्या खिडकीतून.”

“एकाच गाडीतून दोन जागी कसं जातील?”

“ते मला काय म्हाईत? मी तर तुम्हाला घेऊन गेले होते. मागं बसला होताव, महांतेशला मांडीवर घेऊन. झोप लागली होती तुम्हाला.”

“मी मागं?” आप्पा दुखावल्यासारखे झाले. “मग चालवत कोण होतं?”

गुरम्मानं विभूतीत पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटानं कालवू लागली.

“मी.”

खाली अंजू कुणाला तरी हुग्गी घ्या हुग्गी घ्या म्हणत होती. मोंढ्याकडं एक टेम्पो गेला.

“सगळ्या साली?”

“सगळ्या साली. तुम्हाला कुठं येती?”

आप्पा विचारात पडले. त्रेपन्न वर्षांचे सगळे रस्ते, घाट, तळी त्यांच्या डोळ्यांपुढून उलटी जात असावीत. मग त्यांनी कॅटलॉग उघडून बघितला. साहेबाची गाडी, पण स्टिअरिंगचं चाक आपल्यासारखंच, उजव्या बाजूला. त्यांनी तो काळजीपूर्वक मिटला, पुढं धरला, दर्शनी पान वर करून.

“समोर लाव यंदा,” ते म्हणाले.

गुरम्मा गुडघ्यावर हात ठेवून, ताट घेऊन उठली. आणि आप्पा पलंगावर डावीकडं सरकले.